आडनावाच्या फ्रेमवर पैसे घालवू नका, मात्रिकुला साइट उघडा

माझ्या ताईचे यजमान जर्मन, म्युन्स्टरजवळच्या खेड्यातले, आडनाव शुल्टे. त्यांच्या वाढदिवसाला म्हणून मी ऑनलाइन ती 'तुमच्या आडनावाचा इतिहास'वाली फ्रेम मागवली, वर घराण्याचं चिन्ह न खाली दोन पॅरेग्राफ, साडेतीन हजार गेले. भाऊजी म्हणाले हे चिन्ह आमचं नाहीये. बरोबरच आहे, चिन्ह एका ठरावीक घराण्याचं असतं, आडनावाला नसतं, आणि शुल्टे तर तिकडे गावोगाव आहेत. फार वाईट वाटलं मला.

शुल्टे म्हणजे जमीनमालकाच्या वतीने सारा वसूल करणारा गावचा मुख्य, मूळ शब्द शुल्टहाइस, आपल्याकडचे पाटीलच म्हणा ना. हाच शब्द सिलेशियात (हा भाग आता बहुतेक पोलंडमध्ये आहे) शोल्त्स झाला (आधीचे चान्सलर ओलाफ शोल्त्स, तेच आडनाव) आणि बर्लिनकडे शुल्त्से, म्हणजे स्पेलिंगवरून मूळ मुलुखाचा अंदाज येतो.

मग ताईने मात्रिकुला ही साइट सांगितली. कॅथलिक चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या स्कॅन करून ठेवल्यात, फुकट, लॉगिनसुद्धा नको. प्रशियात (म्युन्स्टर तेव्हा या जर्मन राज्यात होतं) सरकारी नोंदणी 1 ऑक्टोबर 1874 पासून, त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या वह्यांतच. पण नाव टाकून सर्च होत नाही हं, गाव आणि साल माहीत पाहिजे आणि मग एकेक पान बघत बसायचं. अक्षर कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी, आपल्या मोडीइतकंच अवघड, 'ए' हुबेहूब 'एन'सारखा दिसतो, त्यात पाद्रीबुवा लिहिणार लॅटिनमध्ये. मी आणि भाऊजी तीन रविवार व्हिडिओ कॉलवर बसलो होतो.

आणि मग एका लग्नाच्या नोंदीत सापडलं, 'बेकर गेनान्ट शुल्टे', म्हणजे शुल्टे म्हणवला जाणारा बेकर! वेस्टफालियात, म्हणजे म्युन्स्टरच्याच भागात, मळ्याला स्वतःचं नाव असायचं आणि जो मुलगा त्या मळ्याच्या वारस मुलीशी लग्न करून तिथे राहायला जाई तो मळ्याचंच नाव लावायचा, पुढे मुलंबाळंही तेच लावायची. म्हणजे भाऊजींचे पूर्वज घरजावई होते आणि आडनाव आलं ते बायकोच्या मळ्यावरून. भाऊजी किती वेळ त्या ओळीवर झूम करून बघत होते, काही बोललेच नाहीत.

माझ्याकडून मात्रिकुलाला पाच स्टार. प्रोटेस्टंट घर असेल तर आर्किओन ही साइट बघा, त्याला पैसे पडतात. आणि जुनं कुरेंट वाचता येणारं कुणी असेल तर प्लीज कमेंट करा, आमची अजून दोन पानं अडलीयेत.