‘ऑलिम्पिकचे पिस्तूल’ नव्वद हजारांत: निपाणी-बेळगाव पट्ट्यातील पालकांनी पैसे देण्याआधी वाचावे

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरने 10 मीटर एअर पिस्तुलात ब्राँझ मिळवले, तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांची नावे आपल्या भागात त्याआधीपासूनच ओळखीची. साहजिकच निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, खानापूर आणि बेळगाव शहरातही ‘मला पिस्तूल घेऊन द्या’ म्हणणारी मुले वाढली. त्यांच्या मागोमाग जुनी पिस्तुले खपवणारेही आले.

निपाणी भागातल्या एका कुटुंबाची फसवणूक कशी झाली ते इथे तपशिलाने देत आहोत, कारण हीच पद्धत पुन्हा वापरली जाणार. मुलगी तेरा वर्षांची, शूटिंग नुकतेच सुरू केलेली. व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला: परदेशी मॅच पिस्तूल (स्पर्धेत वापरायचे एअर पिस्तूल), ‘फक्त सहा महिने वापरलेले’, किंमत 78 हजार. अशा कंपनीचे नवे पिस्तूल दीड लाखाच्या पुढे जाते, हे पालकांना कुठूनतरी कळले होते, म्हणून भाव पटला. विक्रेत्याने आधी दहा हजार विसार घेतला. मग ‘परवान्याचे काम करून देतो’ म्हणून आणखी बारा हजार मागितले. वस्तू दिली ती कोगनोळी टोलनाक्याजवळ, गाडीत बसून. एका पुठ्ठ्यावर दोन गोळ्या मारून दाखवल्या, ‘चाप बघा, लोण्यासारखा आहे’ म्हणाला आणि उरलेले पैसे घेऊन गेला. बिल नंतर पाठवतो म्हणाला, ते आलेच नाही. एकूण नव्वद हजार गेले.

पिस्तूल रेंजवर आले तेव्हा एकेक गोष्ट उघडी पडली.

सगळ्यात गंभीर होते सिलिंडर, म्हणजे पिस्तुलाला जोडलेली दाबलेल्या हवेची नळी. मॅच पिस्तुलाच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे त्याची मुदत जास्तीत जास्त 10 वर्षे. मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. नियम बाजूला ठेवला तरी 200 बार दाबाची हवा मुलीच्या मनगटापासून वीतभर अंतरावर असते, हे विसरू नका. या सिलिंडरवर तारखेच्या जागी स्टिकर होते. ते काढले तर मुदत कधीच उलटून गेलेली. नवे सिलिंडर त्याच मॉडेलचे लागते, दुसऱ्या कंपनीचे बसत नाही, आणि जुन्या मॉडेलचे सहज मिळतही नाही. म्हणून पिस्तूल हातात आल्यावर पहिल्यांदा सिलिंडर सोडवा आणि तारीख स्वतः वाचा. स्टिकर, रंग किंवा कानशीचे ओरखडे दिसले की व्यवहार तिथेच थांबवा.

गळतीची तपासणी टोलनाक्यावर होत नाही, त्यासाठी रात्र लागते. सिलिंडर 200 बारपर्यंत भरायचे, पिस्तुलाला जोडायचे, गेजचा काटा फोटोत टिपायचा आणि चोवीस तासांनी पुन्हा पाहायचा. भरल्यानंतर सिलिंडर थंड होते, तेव्हा काटा किंचित उतरतो, ते चालते. वीस-तीस बार उतरला तर ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे. गेज अडकलेलेही असू शकते, म्हणून भरताना पंपाचे किंवा मोठ्या टाकीचे गेज आणि पिस्तुलाचे गेज ताडून पाहा. या पिस्तुलाचा काटा कायम 150 वर होता, सिलिंडर रिकामे असतानासुद्धा.

इथे एक सूचना, जी जिवाशी संबंधित आहे. छोट्या गावांत स्कूबाची टाकी किंवा हाय-प्रेशर पंप जवळ नसतो. मग कोणीतरी सुचवते की वेल्डिंगवाल्याकडून ऑक्सिजन भरून घ्या. अजिबात भरू नका. ऑक्सिजनचा ग्रीसशी किंवा तेलाशी दाबाखाली संबंध आला की स्फोट होतो. फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. हातपंप वापरत असाल तर त्याला ओलावा शोषणारा फिल्टर हवाच, नाहीतर पाणी आत जाऊन व्हॉल्व्ह गंजतात.

आता तो ‘लोण्यासारखा’ चाप. 10 मीटर एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन, म्हणजे चाप सुटायला लागणारा जोर, किमान 500 ग्रॅम असावेच लागते. स्पर्धेआधी शस्त्र तपासणीच्या टेबलावर 500 ग्रॅमचे वजन ट्रिगरला लावून पिस्तूल उचलतात. वजन जमिनीवरून उचलले गेले पाहिजे आणि चाप सुटता कामा नये. हे घरीही करता येते: पिस्तूल रिकामे, नळी आकाशाकडे, कॉक केलेले (चाप सुटायला तयार), आणि हुकाला लावलेले अर्धा किलोचे वजन ट्रिगरच्या मधोमध टांगून सावकाश वर. या पिस्तुलाचा ट्रिगर निम्म्या वजनालाही सुटत होता. आतला सियर, म्हणजे हातोडी अडवून ठेवणारा खटका, कानशीने घासलेला निघाला. खरेदीदाराला हलका चाप आवडतो, म्हणून विकणारे असे घासतात. पण घासलेला खटका धक्क्यानेही सुटू शकतो, आणि तो स्क्रू फिरवून दुरुस्त होत नाही, भाग बदलावा लागतो.

नेम किती अचूक, ते पुठ्ठ्यावर दोन गोळ्या मारून कळत नाही. त्यासाठी 10 मीटर मोजायचे, मनगट आणि पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवायचे, सपाट तोंडाच्या मॅच पेलेटने (स्पर्धेच्या शिशाच्या छोट्या गोळीने) पाच गोळ्या मारायच्या. 10 मीटर एअर पिस्तूल टार्गेटवर 10 चे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते. धड मॅच पिस्तूल टेकवून मारले की पाचही भोके त्या मापात एकमेकांत मिसळतात. इथे भोके तीन बोटांच्या पट्ट्यात पसरली. दोन-तीन प्रकारचे पेलेट वापरून बघावेत, कारण प्रत्येक नळीला वेगळे पेलेट मानवते, पण एवढा फरक पेलेटने पडत नाही. नळीच्या तोंडाशी खरवड होती. चुकीच्या बाजूने लोखंडी गज घालून साफ केली की हे होते. एखाद्याने स्टीलचे छर्रे मारले असतील तर आतली घळ, म्हणजे गोळीला फिरवणारी खाच, तीही खराब होते. सिलिंडर काढून, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरा आणि आतली वळणदार घळ स्पष्ट दिसते का पाहा.

घळ मुळीच नसेल तर तुमच्या हातात मॅच पिस्तूल नाही. 12 ग्रॅमच्या सीओटू नळकांडीवर चालणारी, स्टीलचे छर्रे मारणारी पिस्तुलेही 4.5 मिलिमीटरचीच असतात आणि ‘टार्गेट पिस्तूल’ म्हणून खपवली जातात. दिसायला पोलिसांच्या पिस्तुलासारखी, म्हणून मुलांना फार आवडतात. त्यांनी स्पर्धा खेळता येत नाही. आणखी एक खूण: जाहिरातीत वेगाचा मोठा आकडा असेल, तर विकणाऱ्याला या खेळाची माहिती नाही किंवा तुम्हाला नाही असे तो धरून चालला आहे. मॅच पिस्तुलाचा पेलेट सेकंदाला साधारण 150 मीटर वेगाने जातो. प्रत्येक गोळीला तोच वेग राहतो की नाही, याला खरे महत्त्व.

यातूनच परवान्याची फसवणूक समजते. अर्ध्या ग्रॅमचा पेलेट त्या वेगाने गेला की ऊर्जा सुमारे 6 जूल. शस्त्र नियम 2016 नुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. म्हणजे बारा हजार रुपये अस्तित्वात नसलेल्या कामासाठी घेतले गेले. सरळ दुकानदार तुमचे ओळखपत्र घेतो, नोंद करतो आणि अनुक्रमांकासह बिल देतो. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकान खरे की खोटे ते मिनिटात कळते. जुने पिस्तूल घेताना आधीच्या मालकाचे मूळ बिल आणि सही केलेले विक्रीपत्र घ्या, पिस्तुलावरचा अनुक्रमांक दोन्हींशी जुळवा. आपल्या भागातून सरावासाठी कोल्हापूरला जाणारी मुले राज्याची सीमा ओलांडतात. वाटेत गाडी तपासली तर हीच कागदपत्रे आणि क्लबचे पत्र उपयोगी पडते. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग घालून न्यावे.

पिस्तूल ठीक असते तरी ते या मुलीसाठी नव्हते. ग्रिप मोठ्या मापाची होती. तिचे बोट ट्रिगरवर सरळ पोहोचत नव्हते, म्हणून ती मनगट वाकवायची. ग्रिप छोटी, मध्यम, मोठी आणि उजव्या-डाव्या हाताची वेगळी असते. किलोच्या आसपासचे वजन एका हाताने, हात लांब करून, सामन्याच्या 60 गोळ्या संपेपर्यंत पुन्हा पुन्हा उचलायचे असते. आमचे स्पष्ट मत: पहिले तीन-चार महिने क्लबचे पिस्तूल वापरा, हाताचे माप आणि मुलाची गोडी दोन्ही कळू द्या. घरी सराव हवाच असेल तर एका झटक्यात लीव्हर ओढून हवा दाबणारे पिस्तूल बघा, बैकल आयझेडएच-46एम सारखे. त्याला सिलिंडर नाही, म्हणजे तारखेची, गळतीची आणि हवा भरण्याची भानगड नाही. लीव्हर ओढायला लहान मुलांना जड जाते, तेव्हा मोठ्याने ओढून द्यावे.

पैसे गेलेच असतील तर वेळ घालवू नका. ऑनलाइन दिले असतील तर लगेच 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. बेळगाव जिल्ह्यात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थ गुन्हे) पोलीस ठाण्यात जाता येते. विकणारा महाराष्ट्रातला असला, व्यवहार सीमेवर झाला, म्हणून कोणी परत पाठवत असेल तर झिरो एफआयआर मागा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी नोंद घेण्याची तरतूद आहे. व्हॉट्सॲपवरचे संभाषण पुसू नका, जाहिरातीचे फोटो, विक्रेत्याचा क्रमांक, यूपीआयची पावती आणि पिस्तुलावरच्या अनुक्रमांकाचा फोटो एकत्र ठेवा. पिस्तूल खोलू नका, त्यात हवा भरू नका. सिलिंडर रिकामे असेल तसेच वेगळे काढून ठेवा आणि ते स्टिकरसुद्धा जपून ठेवा, तारीख लपवल्याचा पुरावा तेच आहे.