गुगल शीट्सचा ‘मंथली बजेट’ नमुना: कुटुंबाच्या जमाखर्चासाठी कितपत उपयोगी?

गुगल शीट्स या गुगलच्या ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये नवी फाइल उघडताना जे तयार नमुने समोर येतात, त्यांत ‘मंथली बजेट’ नावाचा एक नमुना आहे. तो विनामूल्य आहे, त्यासाठी हिशेबाचे वेगळे अ‍ॅप घ्यावे लागत नाही, आणि गुगलचे खाते असलेल्या घरातल्या प्रत्येकाला एकच फाइल आपापल्या फोनवर उघडता येते. डोंबिवलीतल्या आमच्या घराचा जमाखर्च सध्या याच नमुन्यावर चालतो. महिन्याचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी तो उत्तम आहे, असे माझे मत झाले आहे. मात्र आपल्याकडच्या घरांचा खर्च महिन्याच्या चौकटीत मावत नाही, तो वर्षाच्या चक्राने फिरतो, आणि त्याची सोय या नमुन्यात नाही. ही उणीव थोड्या कष्टाने भरून काढता येते, म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

नमुन्यात दोन पाने असतात. ‘समरी’ या पहिल्या पानावर एल ८ (एल स्तंभ, आठवी ओळ) या चौकटीत महिन्याच्या आरंभीची शिल्लक लिहायची असते. त्याखाली डावीकडे खर्चाची आणि उजवीकडे उत्पन्नाची खाती असून प्रत्येक खात्यापुढे तीन रकाने आहेत: ठरवलेली रक्कम, प्रत्यक्ष रक्कम आणि फरक. ‘ट्रान्झॅक्शन्स’ या दुसऱ्या पानावर रोजच्या नोंदी करायच्या, म्हणजे तारीख, रक्कम, तपशील आणि खाते. खात्याचे नाव टंकावे लागत नाही, ते यादीतून निवडता येते, आणि नोंद होताच पहिल्या पानावरची बेरीज आपोआप बदलते. रंगवलेल्या चौकटींखेरीज इतर ठिकाणी हात लावू नये, अशी सूचना पानावरच दिलेली आहे आणि ती कटाक्षाने पाळावी, कारण बाकीच्या चौकटींत सूत्रे आहेत.

खात्यांची मूळ नावे अर्थातच अमेरिकेतल्या घराला डोळ्यांपुढे ठेवून दिलेली आहेत. पाळीव प्राणी, प्रवास, भेटवस्तू, वैयक्तिक असे मथळे आपल्या उपयोगाचे फारसे नाहीत, पण ते सर्व बदलता येतात आणि देवनागरीत लिहिता येतात. आम्ही किराणा, दूध, भाजी-फळे, घरकामाच्या ताईंचा पगार, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज-गॅस-इंटरनेट, गृहकर्जाचा हप्ता, क्लासची फी, लोकलचा पास आणि रिक्षा, औषधे, आहेर, गावच्या घरासाठी पाठवायचे पैसे अशी खाती केली. रकमांपुढे डॉलरचे चिन्ह दिसत असेल, तर ते रकाने निवडून चलनाचे स्वरूप रुपयाचे करून घ्यावे. नावे बदलण्याचे काम मात्र पहिली नोंद करण्यापूर्वीच उरकावे. महिन्याच्या मध्यावर ‘भाजी-फळे’ या खात्याचे नाव नुसते ‘भाजी’ केले, तर आधीच्या नोंदींतले जुने नाव तसेच राहते, नावे जुळत नाहीत, आणि त्या नोंदी बेरजेतून गळतात. शीट त्याबद्दल ठळक इशारा देत नाही, त्यामुळे खर्च कमी झाल्याचे खोटे समाधान मिळते.

नोंदी हाताने कराव्या लागतात, हा या नमुन्याचा दोष म्हणून सांगितला जातो. मला तो त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. यूपीआय २०१६ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून वडापावाच्या गाडीपासून चांभारापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देण्याची सवय लागत गेली. पाकिटातली नोट मोडताना जी जाणीव होत असे, ती त्या एका टिचकीत होत नाही. बँकेचे संदेश वाचून खर्चाची वर्गवारी आपोआप करणारी अ‍ॅप आहेत, परंतु त्यांच्या आकड्यांकडे घरातले कोणी महिना महिना पाहत नाही, असा आसपासच्या घरांतला अनुभव आहे. स्वतः लिहिलेला आकडा लक्षात राहतो. शिवाय यूपीआयच्या नोंदीत समोरच्याचे नुसते नाव येते. त्या दुकानातून साबण घेतला, वह्या घेतल्या की आहेरासाठी भेटवस्तू घेतली, हे फक्त घेणाऱ्यालाच माहीत असते.

कुटुंबाने मिळून अंदाजपत्रक पाळायचे असेल, तर ते सर्वांना दिसले पाहिजे, आणि या बाबतीत हा नमुना वहीच्या पुष्कळ पुढे आहे. फाइल शेअर करताना कोणाला केवळ पाहण्याची आणि कोणाला बदल करण्याची मुभा द्यायची, हे ठरवता येते. आम्हा दोघा नवरा-बायकोंना बदल करण्याची मुभा आहे. नववीतल्या मुलीला केवळ पाहण्याची आहे, आणि ती खरोखर पाहते. सासूबाई फोनवर नोंद करीत नाहीत. त्या दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि भाजीचा हिशेब छोट्या वहीत लिहितात, तो रविवारी संध्याकाळी शीटमध्ये चढवला जातो. त्यांना स्मार्टफोन शिकण्याची सक्ती करण्यात अर्थ नाही, कारण त्यांची वही आमच्या दोघांच्या फोनवरच्या नोंदींपेक्षा अधिक बिनचूक असते.

अशाच एका रविवारी ‘भाजी-फळे’ या खात्यापुढे ठरवलेले ३,००० आणि प्रत्यक्षात ४,१०० असे दिसले. भाजी महागली, एवढ्यावर तो विषय संपला असता. पण दुसऱ्या पानावर त्या खात्याच्या नोंदी चाळल्यावर दिसले की, त्यांत देवाची रोजची फुले, गुरुवारचा हार आणि शहाळी हे सारे मिसळले होते. फुलांसाठी वेगळे खाते उघडताच भाजीचा खर्च जवळजवळ ठरल्याप्रमाणेच होता असे दिसले, आणि फुले बंद करण्याची वेळ कोणावरही आली नाही. नुसत्या एकूण बेरजेवरून घरात वाद होतात. तपशील समोर असला की बोलणे वस्तूवर राहते, माणसावर जात नाही.

ठरवलेली रक्कम ओलांडली तर हा नमुना अडवत नाही, तो फक्त फरक दाखवतो. म्हणून एक नियम कुटुंबानेच करावा लागतो: एका खात्याची रक्कम वाढवायची असेल, तर तेवढीच दुसऱ्या कोणत्यातरी खात्यातून कमी करायची आणि ते दोघांनी मिळून ठरवायचे. एकूण बेरीज बदलता कामा नये. ‘इतर’ या खात्याला तर अगदी लहान रक्कम द्यावी, नाहीतर न आठवणारा सगळा खर्च तेथे जाऊन बसतो.

आता मुख्य उणिवेकडे येते. एप्रिल-मे महिन्यांत वर्षाचे गहू, लाल मिरच्या, मसाला, तूरडाळ यांची खरेदी होते. जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तके आणि गणवेश येतात, मग गणपती आणि दिवाळी, आणि दिवाळीला घरकामाच्या ताईंना एका महिन्याचा पगार जास्त द्यायचा असतो. विम्याचा हप्ता आणि मालमत्ता कर यांच्या तारखा ठरलेल्या असतात, लग्नसराईतला आहेर मात्र कधी किती येईल ते सांगता येत नाही. पाइप गॅसचे बिलही दोन महिन्यांनी येते. महिन्याच्या शीटमध्ये हे सारे त्या त्या महिन्यात एकदम कोसळते, जूनचा फरक उणे दाखवतो, आणि बजेट पाळणे आपल्याला जमत नाही असे घरातल्या सर्वांना वाटू लागते. अनेक घरांत हिशेब लिहिणे बंद पडते ते याच दोन-तीन महिन्यांत. खर्च तर अनपेक्षित नव्हता, त्याची वाटणी बारा महिन्यांवर झालेली नव्हती.

त्यावर उपाय असा. वर्षातल्या ठरलेल्या मोठ्या खर्चांची यादी करावी. समजा, शाळेचा खर्च ६०,०००, विम्याचा हप्ता ३६,०००, गणपती आणि दिवाळी ३०,०००, आणि धान्य-मसाला १८,००० रुपये आहे. ही बेरीज १,४४,००० होते, म्हणजे महिन्याला १२,००० रुपये. ‘समरी’ पानावर ‘वार्षिक तरतूद’ असे एक खाते उघडून तेथे १२,००० लिहावेत आणि पगार झाला की तेवढी रक्कम एका स्वतंत्र बचत खात्यात टाकून खर्च म्हणून नोंदवावी. यासाठी रिकरिंग डिपॉझिट सोयीचे नाही, कारण मुदत संपण्याआधी त्यातून हवी तेवढीच रक्कम काढता येत नाही. जूनमध्ये फी भरायची ती याच बचत खात्यातून. ती त्या महिन्याच्या शीटमध्ये पुन्हा लिहायची नाही, एरवी तोच खर्च दोनदा मोजला जातो. फाइलमध्ये तिसरे पान जोडून त्यात केवळ या बचत खात्याची जमा-नावे आणि शिल्लक लिहीत गेले म्हणजे पुरते. सुरुवात मध्येच केली, तर पहिल्या वर्षी काही खर्चांसाठी पुरेसे महिने मिळत नाहीत, तेव्हा सर्वांत जवळच्या खर्चाची तरतूद आधी करावी.

दोनदा मोजणीचा हाच धोका क्रेडिट कार्डातही आहे. खरेदी केली त्या दिवशी खर्च लिहिला, तर महिनाअखेरीस कार्डाचे बिल भरताना तो पुन्हा लिहायचा नाही. भिशीचे काय करायचे, हा आमच्याकडे चर्चेचा विषय झाला होता. दर महिन्याला दिलेली भिशी हा खर्च नाही, आणि नंबर लागल्यावर हाती आलेली रक्कम हे उत्पन्नही नाही, ती आपलीच साठवण असते, किंवा नंबर लवकर लागला तर पुढे फेडायची रक्कम असते. परंतु नमुन्यात तिसरी जागा नाही. आम्ही ती ‘वार्षिक तरतुदी’च्या तिसऱ्या पानावरच वेगळ्या रकान्यात ठेवतो, आणि महिन्याच्या खर्चात ‘भिशी’ हे खाते ठेवून हप्ता लिहितो, म्हणजे तेवढे पैसे हाताशी नाहीत हे दिसत राहते.

गुगल शीट्सच्या तयार नमुन्यांतच ‘अ‍ॅन्युअल बजेट’ नावाचा दुसरा नमुनाही मिळतो आणि त्यात बारा महिन्यांचे रकाने असतात, तेव्हा तोच का वापरू नये, असा प्रश्न येईल. त्यात रोजच्या नोंदींचे पान नाही, प्रत्येक खात्याची महिन्याची बेरीज स्वतः करून भरावी लागते. फुलांचे आणि भाजीचे जे उदाहरण वर दिले, ते त्या नमुन्यात कधीच उलगडले नसते. वर्षाअखेरीस आढावा घेण्यासाठी तो चांगला आहे.

लहानसहान गैरसोयी आणखी आहेत. फोनच्या अरुंद पडद्यावर ‘समरी’ पान नीट दिसत नाही, खर्च पाहिला की उत्पन्न दिसेनासे होते, म्हणून नोंदी फोनवर आणि आढावा संगणकावर, अशी विभागणी करावी लागते. नव्या महिन्याची फाइल आपोआप तयार होत नाही. जुन्या फाइलची प्रत काढायची, दुसऱ्या पानावरच्या नोंदी पुसायच्या आणि मागच्या महिन्याची अखेरची शिल्लक एल ८ मध्ये लिहायची, एवढे काम दर महिन्याला आहे. चुकून एखादे सूत्र पुसले गेले, तर फाइलच्या आवृत्त्यांच्या इतिहासातून आधीची आवृत्ती परत आणता येते, आणि कोणता बदल कोणी केला हेही तेथे दिसते.

दोघेही कमावते आहेत, पगार बँकेत जमा होतो आणि घरात एकाला तरी संगणकावर काम करण्याची सवय आहे, अशा कुटुंबाला हा नमुना मी आग्रहाने सुचवीन. ज्यांचे उत्पन्न दुकानातून, शेतीतून किंवा कंत्राटी कामातून अनियमित येते, त्यांना ठरवलेल्या उत्पन्नाचा रकाना भरणेच कठीण जाईल. त्यांनी गेल्या वर्षातल्या सर्वांत कमी उत्पन्नाच्या महिन्याची रक्कम तेथे धरावी आणि जास्तीचे आलेले पैसे आधी ‘वार्षिक तरतुदी’त टाकावेत. वापर सुरू करायला एक तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही. नमुन्यात तारखेचे बंधन नसल्याने पगार ज्या दिवशी होतो, त्या दिवसापासून पुढच्या पगारापर्यंतचा काळ हाच महिना धरला तरी सर्व बेरजा बरोबर येतात.