बटाटा, साधा, सालासकट : ५ पैकी ४ स्टार

चिप्सचे, फ्रोझन फ्राइजचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात, खुद्द बटाट्याचा कोणी लिहीत नाही, आणि वजन कमी करायचं ठरलं की ताटातून पहिला हाच हद्दपार होतो. मला ते अजिबात पटत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय.

१०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात कॅलरीज किती? साधारण ७७. बस्स. जवळजवळ ८० टक्के पाणीच आहे हो त्यात, फॅट ०.१ ग्रॅम म्हणजे नसल्यात जमा, कार्ब्ज १७ ग्रॅमच्या आसपास, फायबर आणि प्रोटीन दोन्ही २-२ ग्रॅम. पोटॅशियम मात्र ४२० मिलिग्रॅमच्या घरात, केळ्यात ३६० च्या आसपास असतं तरी नाव केळ्याचंच होतं. शिवाय बी६ आहे, आणि व्हिटॅमिन सी जवळपास २० मिलिग्रॅम, जे बटाट्यात असतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पण हे सगळं ताटात येईपर्यंत टिकतं का, तर ते सगळं शिजवण्यावर आहे. सालासकट अख्खा उकडला तर व्हिटॅमिन सी १३ मिलिग्रॅमच्या आसपास राहतं, सोलून उकडला की ७ वर येतं. सोललेल्या फोडी उकडल्यावर खाली उरलेलं पाणी बघा एकदा, गढूळ दिसतं, त्यात स्टार्चबरोबर व्हिटॅमिन सी आणि पोटॅशियमही उतरलेलं असतं आणि आपण ते सरळ सिंकमध्ये ओतून मोकळे, खरंच जीव तुटतो माझा. (किडनीच्या त्रासामुळे ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलंय त्यांनी मात्र उलट करायचं, सोलून बारीक फोडी, भरपूर पाणी, आणि ते पाणी फेकून द्यायचं.) सगळं सत्त्व सालीतच असतं हेही खरं नाही, सालीत फायबर चांगलं असतं पण पोटॅशियम आणि व्हिटॅमिन सी जास्त करून आतल्या गरातच असतं.

तळला की हिशोबच बदलतो, पाणी उडून जातं आणि त्या जागी तेल शिरतं. फ्राइज १०० ग्रॅमला ३०० च्या वर, चिप्स ५०० च्या वर. मग वजन वाढलं की शिव्या बटाट्याला!

एक स्टार का कापला, तर गरम गरम मॅश केलेला बटाटा साखर पटकन वाढवतो, डायबिटीस असेल तर प्रमाण सांभाळावंच लागतं. शिजवून गार केला की थोडा स्टार्च पचायला अवघड अशा प्रकारात बदलतो, त्याने थोडा फरक पडतो, जादू नाही. आणि व्हिटॅमिन ए जवळजवळ नाही, बी१२ तर नाहीच, त्यामुळे एकट्या बटाट्यावर भागत नाही, सोबत डाळ, भाजी, दूध-अंडं काहीतरी हवंच.

साठवताना अंधारी, हवेशीर जागा बघा. फ्रिजमध्ये नको, थंडीत स्टार्चची साखर होते, मग तळताना लवकर काळपट पडतो आणि ॲक्रिलामाइड हे घातक समजलं जाणारं रसायनही जास्त तयार होतं. आणि उजेडात राहून हिरवा झालेला बटाटा नीट बघून घ्या. हिरवा रंग स्वतः घातक नसतो पण तिथे सोलानिन हे बटाट्यातलं नैसर्गिक विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं, आणि ते उकडून जात नाही. छोटासा डाग असेल तर जाड कापून काढा, कोंबाचे डोळे खोलवर कोरून काढा, पण बराच हिरवा असेल किंवा शिजवल्यावर कडू लागला तर सरळ टाकून द्या.