नऊ सर्व्हरचे तीन केले: प्रॉक्समॉक्स व्हीई, वर्षभर वापरून

बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत एका कारखान्याचं आयटी मी एकटाच बघतो. आमचं डेटा सेंटर म्हणजे जिन्याखालची खोली, त्यात नऊ सर्व्हर, दीड टनाचा एसी आणि सारखा ओव्हरलोडची शिटी मारणारा यूपीएस. मे महिन्यात तर दार उघडं टाकून टेबलफॅन लावायचो. दहावा सर्व्हर घ्यायची वेळ आली तेव्हा पैशाचं नंतर, ठेवायचा कुठे आणि प्लग कुठे लावायचा हाच प्रश्न होता.

आठवडाभर लोड बघितला तर दोन सोडून बाकी सगळे १० टक्क्यांच्या वर जातच नव्हते, नुसते बसून वीज खात होते. आणि खाल्लेली वीज सगळी उष्णता होऊन खोलीतच येते, साधारण साडेतीन किलोवॅटमागे एक टन एसी धरा.

मग प्रॉक्समॉक्स टाकलं, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवायचं सॉफ्टवेअर. व्हिएन्नाच्या कंपनीचं आहे, २००८ पासून चालू, खाली डेबियन लिनक्स, वर आभासी मशीन चालवणारं केव्हीएम, लिनक्सच्या हलक्या कामांना पूर्ण मशीनऐवजी हलके कप्पे, म्हणजे कंटेनर. फुकट चालतं, फक्त लॉगिन केलं की सबस्क्रिप्शन नाही म्हणून पॉपअप येतो, त्याची सवय होते. याच कामाचं व्हीएमवेअर पण बघितलं होतं पण २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतल्यावर कायमची लायसन्स मिळणं बंद झालं, आणि दरवर्षी पैसे म्हटल्यावर शेठनी पुढचं ऐकलंच नाही.

नोड, म्हणजे हे चालवणारे खरे सर्व्हर, तीन घेतले. शेठ म्हणे, बे मां नहीं चाले? नाही चालत ना, दोनातला एक गेला की उरलेल्याला बहुमत नाही (निम्म्याहून जास्त नोड हजर लागतात), तो मशीन चालू करायलाच नकार देतो. आणि तिन्ही काठोकाठ भरायचे नाहीत, एक पडला तर बाकी दोघांना त्याचं ओझं पेलता आलं पाहिजे, म्हणजे विकत घेतलेली एक तृतीयांश रॅम तुमची नाहीच समजा. एका नोडचा डेटा दुसऱ्यावर उतरवणं (रेप्लिकेशन) दर पंधरा मिनिटांनी आहे, तेवढा डेटा जाऊ शकतो हेही अकाउंट्सवाल्यांना आधीच सांगून ठेवलं.

यूपीएस गप्प झाला, एसी दीड टनाचाच पुरतो. पण जागा संपायची ती संपतेच हो, खोलीतली नाही तर डिस्कवरची. थिन प्रोव्हिजनिंगच्या, म्हणजे असलेल्या जागेपेक्षा जास्त कागदोपत्री वाटण्याच्या लोभात ४ टीबीवर मी ६ टीबी वाटून बसलो, ऐन गणपतीत रात्री डिस्कची सामायिक जागा (पूल) भरली आणि ईआरपीचं, म्हणजे कारखान्याचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं मशीन जागच्या जागी थांबलं. चूक माझीच, अलर्ट लावलाच नव्हता! शिवाय नवीन मशीन दोन मिनिटांत होतं म्हणून जो तो मागतो, आज तेवीस आहेत, त्यातली सहा कोणाची ते विचारू नका. विंडोज सर्व्हर स्टँडर्डच्या एका लायसन्सवर दोनच व्हीएम चालतात, तो हिशोब आधी करा बरं का, मी उशिरा केला.

पाचपैकी चार स्टार. रिकाम्या झालेल्या रॅकमध्ये अकाउंट्सवाल्यांनी जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेत, ते कोणी हलवत नाही.