डीटा ओपन टूलकिट : मराठी-कन्नड-इंग्रजी मॅन्युअल काढणाऱ्यांनी वाचा

आमच्या बेळगावात उद्यमबागेकडं हायड्रॉलिकची मशिनं करणारे खूप आहेत आणि मॅन्युअलची गत बहुतेक ठिकाणी एकच, जुन्या मॉडेलची वर्ड फाईल कॉपी करायची, नाव बदलायचं, पाठवून द्यायचं. मी मॅन्युअलंच लिहितो, सध्या डीटा ओपन टूलकिट वापरालोय, म्हणजे डीटा पद्धतीनं लिहिलेल्या फाईलींपासनं पीडीएफ, एचटीएमएल काढून देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, ओपन सोर्स, फक्त 4.0 व्हर्जनपासून जावा 17 लागतंय.

डीटा म्हणजे मॅन्युअलं तुकड्यातुकड्यानं लिहायची एक्सएमएल पद्धत, मूळ आयबीएमची, 2005 ला ओअ‍ॅसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेनं स्टँडर्ड केली. छोटे छोटे टॉपिक लिहायचे आणि मॅपमध्ये, म्हणजे अनुक्रमणिकेसारख्या फाईलीत, लावायचे. खरा फायदा कॉनरेफचा, म्हणजे एका जागचा मजकूर दुसऱ्या टॉपिकात ओढून घ्यायची सोय. "प्रेशर शून्यावर आणल्याशिवाय होज सोडू नका" ही वॉर्निंग आयडी देऊन एका फाईलीत ठेवली की प्रेस, पॉवर पॅक, लिफ्ट टेबल सगळी मॅन्युअलं तिथनंच उचलतात, दुरुस्ती एकदाच करायची. सिंगल फेज, थ्री फेजच्या स्टेपा एकाच टॉपिकात लिहून डीटाव्हॅल या गाळणीच्या फाईलीनं नको त्या गाळता येतात, हे पण भारी आहे.

पण कीरेफनं (एका खुणेच्या जागी मॉडेलप्रमाणं वेगळा शब्द भरायची सोय) वाक्यात मधेच पार्टचं नाव भरायला जाऊ नका. इंग्रजीत चालून जातंय, मराठीत पंप असला तर "बंद केला", मोटर आली की "बंद केली", वर "पंपाच्या" आणि "मोटरीच्या" आहेच, कन्नडमध्ये पण प्रत्यय नावालाच चिकटतो. आख्खं वाक्य नाहीतर आख्खी स्टेप रियूज करा, सुटा शब्द नको. नावं टायटलात, टेबलात भरा, तिथं काही अडत नाही.

अजून एक, आणि हे सेफ्टीचं आहे म्हणून जोर देऊन सांगतो. कुणी वॉर्निंगचा आयडी बदलला की लॉगमध्ये एरर येते पण साध्या सेटिंगमध्ये पीडीएफ तरी निघतो, आणि वॉर्निंगच्या जागी काहीच नसतं! ऑपरेटरच्या हातात तेच जाणार. प्रोसेसिंग मोड स्ट्रिक्ट ठेवा, मग चुकलं की काम तिथंच थांबतं.

एचटीएमएल छान येतंय. पीडीएफला मराठी-कन्नड फॉन्ट नीट लावून घ्यावे लागतात, 4.0 पासून थीम फाईल आलीय त्यात रंग, मार्जिन बदलता येतात, त्याच्या पुढचं पाहिजे तर एक्सएसएल ही एक्सएमएलला रूप द्यायची भाषा यायला पाहिजे. एडिटर सोबत मिळत नाही, सगळं कमांड लाईनवर.

एकच मशिन, एकच भाषा असेल तर वर्ड बरं. मॉडेलं वाढालीत आणि कन्नड पण द्यायचंय त्यांनी नक्की घ्या, सुरुवात वॉर्निंगांच्या फाईलीपासनं करा.