पोलो टीएसआय आणि हातात एक लाख: आधी रिमॅप की आधी टायर?

भाच्याने सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन) घेतली. २०१६ची, बासष्ट हजार किलोमीटर चाललेली, सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. गाडी दारात लागून आठवडा होत नाही तोच फोन: "मामा, एक लाख बाजूला काढलेत. आधी काय करू?" यादी त्याच्या मनात तयारच होती, तीही क्रमाने: रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), मोठा एअर फिल्टर, गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग, आणि उरलेच तर सायलेन्सर. टायर यादीत कुठेच नव्हते. २०१९ साली मीही हीच यादी घेऊन पुण्यातली गॅरेजं पालथी घातली होती, त्यामुळे त्याला हसायचा हक्क मला नाही.

पोलो ही काही खरीखुरी स्पोर्ट्स कार नव्हे. चाकणला बनलेली, २०१० ते २०२२ आपल्याकडे विकली गेलेली पाच दारांची घरगुती गाडी. पण दोन दारी, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार आपल्या बजेटात मिळतेय कुठे? म्हणून टर्बो पेट्रोल पोलो हीच आपली गरिबाची स्पोर्ट्स कार. तीत दोन प्रकार आहेत. आधीची १.२ टीएसआय, १०५ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्तीचंच माप), डीएसजीवाली. आणि २०२० पासूनची तीन सिलिंडरची १.० टीएसआय, ११० पीएसची, सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये किंवा साध्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये. टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, दोघींचा सारखाच, १७५ न्यूटनमीटर. खालचं बरंचसं दोघींना लागू पडतं. जिथे फरक पडतो तिथे सांगतो.

आधी रिमॅपची बाजू मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. टर्बो इंजिनात हवा किती दाबून भरायची हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. कंपनीने तो आकडा ठरवताना वाईट पेट्रोल, मे महिन्यातलं ऊन आणि सर्व्हिस टाळणारा मालक, सगळं गृहीत धरलेलं असतं. ट्यूनर, म्हणजे रिमॅप करणारा, त्यातली थोडी राखीव जागा वापरतो. एकही पार्ट न बदलता, लॅपटॉप लावून तासा-दोन तासांत ताकद साधारण पाव हिश्शाने वाढते, टॉर्क २२० च्या आसपास जातो. पुण्यात मला तीस ते पंचेचाळीस हजारांचे भाव मिळाले. रुपयामागे इतका पिकअप दुसरं काहीच देत नाही. बिनटर्बोच्या इंजिनावर एवढेच पैसे घातले तर दुसऱ्या दिवशी फरक शोधावा लागतो. इथे पहिल्याच ओव्हरटेकला कळतो.

आता त्यातल्या मेखा. भाच्याच्या गाडीत डीक्यू२०० हा ड्राय क्लचचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. त्याची टॉर्क पेलायची मर्यादा २५० न्यूटनमीटर. २२० म्हणजे आपण काठाजवळ गेलो. शिवाय गिअरबॉक्सला स्वतःचा वेगळा कॉम्प्युटर असतो. फक्त इंजिनचा मॅप, म्हणजे ते सॉफ्टवेअर, बदलला आणि त्याला काही सांगितलंच नाही, तर तो आपल्या सॉफ्टवेअरमधल्या मर्यादेपाशी टॉर्क कापू शकतो. म्हणजे डीएसजीत दोन मॅप आणि दोन बिलं. त्यात ड्राय क्लचला तेलाची आंघोळ नसते, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकताना तो तापत राहतो. १.० मॅन्युअलवाल्यांचं हे दुखणं नाही, पण त्यांनी रिमॅपच्या आधी एक गोष्ट करून बघावी: मोकळ्या चढावर चौथा गिअर, दोन हजार आरपीएम, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. काटा वर पळाला आणि गाडी मात्र त्या मानाने उचलली नाही, तर क्लच घसरतोय. आधी क्लच, मग रिमॅप.

मॅप कोणत्या पेट्रोलसाठी लिहिलाय हेही ट्यूनरला विचाराच. ९५ ऑक्टेनसाठी लिहिलेला मॅप त्याहून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालवला की इंजिन नॉक करू लागतं, म्हणजे आत पेट्रोल अवेळी पेट घेऊ लागतं, ईसीयू घाबरून इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि पैसे मोजून घेतलेली ताकद तिथल्या तिथे गायब होते. म्हणजे मॅपला प्रीमियम पेट्रोल लागत असेल, तर प्रत्येक टाकीला त्याचा जादा भाव हाही रिमॅपचाच खर्च.

तर २०१९ मध्ये मी रिमॅप आधी केला. एप्रिलमध्ये केला, दोन महिने स्वर्ग. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, पाषाणच्या सिग्नलला हिरवा लागला, मी नेहमीसारखा पाय दिला आणि गाडी जागेवरच राहिली. पुढची दोन्ही चाकं फिरतायत, डॅशबोर्डवर ट्रॅक्शनचा पिवळा दिवा लुकलुकतोय, आणि शेजारची ॲक्टिव्हा शांतपणे निघून गेली. घरी येऊन टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोड वाचला: २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षं जुनं रबर, आणि त्यावर मी पाव हिस्सा जास्त टॉर्क ओतला होता. पोलोची पुढचीच चाकं गाडी ओढतात, वळवतात आणि थांबवायचं बहुतेक कामही तीच करतात. टायरने रस्ता सोडला की बाकी सगळं सॉफ्टवेअर.

भाच्याच्या गाडीपाशी गेल्यावर पहिलं तेच बघितलं. पुढच्या टायरवर ४२१७. नक्षी तशी बरी होती, १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर खुणेच्या बरीच वर. पण अंगठ्याचं नख दाबून पाहिलं तर रबरावर उमटेना. आतल्या कडेवरून हात फिरवला तर करवतीसारखे दाते. म्हणजे अलाइनमेंट कधीतरी बिघडलेली, आणि आधीच्या मालकाने ती तशीच चालवलेली.

टायरचा भाव: पंधरा इंचीत चांगल्या कंपनीचे चार सत्तावीस-अठ्ठावीस हजारांत, सोळा इंचीत बत्तीस ते चाळीस. बॅलन्सिंग-अलाइनमेंट वेगळं. रिमॅपइतकेच पैसे, पण मिळतं काय ते बघा. ब्रेकिंग सुधारतं, वळण सुधारतं, पावसातली पकड सुधारते आणि सुटतानाचा पिकअपही. रिमॅप यातलं एकच देतो. टायरची एकच अडचण: मित्रांना दाखवता येत नाही.

मापाचं थोडं सांगतो, कारण इथे लोक फसतात. भाच्याला १७ इंची अलॉय हवे होते. जड चाक, पातळ टायर, आणि आपले खड्डे. पहिल्या पावसाळ्यात रिम वाकून आलं तर नवल नाही. त्याच्या गाडीला मूळ १८५/६० आर १५ आहेत (१८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६० टक्के उंची, १५ इंची रिम). मी त्याच रिमवर १९५/६० आर १५ सुचवले. व्यास ६०३ वरून ६१५ मिलिमीटर होतो, म्हणजे दोन टक्के वाढ. काटा शंभर दाखवेल तेव्हा पूर्वीपेक्षा दोन किलोमीटर जास्त वेग असेल, इतकंच. नंतरच्या पोलोंना कंपनीच १९५/५५ आर १६ द्यायची, त्यांचा व्यास याहूनही थोडा मोठा. घासाघीस नाही, चाकाच्या कमानीत कापाकाप नाही. फक्त माप बदलतंय म्हणून विमा कंपनीच्या कानावर घाला. ते नको असेल तर मूळ मापातच चांगल्या कंपाउंडचा, म्हणजे रबराच्या मिश्रणाचा, टायर घ्या, तोही नव्वद टक्के काम करतो.

ब्रेकवर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण रिमॅप केलेल्या किती गाड्यांमध्ये ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं हे मालकाला सांगता येत नाही.

आपल्याकडे त्याला सगळे ऑइल म्हणतात, पण ते तेल नाही, आणि हवेतलं पाणी शोषून घेणं हा त्याचा स्वभाव. डॉट ४ या त्याच्या नेहमीच्या प्रकाराचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश. पाणी मुरलं की तो १५५ पर्यंत खाली येतो. आता महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटाने उतरताय असं धरा. उतार साधारण तेराशे मीटरचा. माणसं-सामानासकट गाडी चौदाशे किलो. तेवढ्या उंचीची ऊर्जा मोजली तर ती गाडी ताशी शंभरवरून बत्तीस-तेहतीस वेळा शून्यावर आणण्याइतकी भरते. यातला मोठा वाटा हवा आणि इंजिन ब्रेकिंग खातं, खालच्या गिअरमध्ये उतरलात तर. 'डी'मध्ये टाकून पाय ब्रेकवर ठेवलात तर जवळजवळ सगळी उष्णता पुढच्या दोन डिस्कवर.

त्या घाटात मी एकदा खाली पोहोचेपर्यंत जळक्या पॅडचा वास गाडीत भरला होता आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागत होतं. दोन वेगळी दुखणी असतात, ओळखायला शिका. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही: पॅड तापून निकामी झालेत. पेडल खोल जातंय, पंप करावं लागतंय: ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. दुसरं जास्त भयंकर, आणि त्यावरचा उपाय सगळ्यात स्वस्त. दर दोन वर्षांनी ताजं डॉट ४, चारही चाकांचं नीट ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि अडकलेली हवा काढून टाकणं), मजुरीसकट दोनेक हजार. ज्यांना घाटात जोरात चालवायचीच आहे त्यांना डॉट ५.१ चालतं, त्याचे किमान आकडे २६० आणि १८०. नुसतं डॉट ५ मात्र चुकूनही नको. ते सिलिकॉनचं, वेगळंच प्रकरण. पुढचे चांगले पॅड पाच-सहा हजार. मोठ्या डिस्क आणि लाल कॅलिपरचा किट म्हणजे लाखाच्या वरचं काम. रस्त्यावरच्या पोलोला ते लागत नाही. मागे ड्रमच आहेत, राहू द्या.

लोअरिंग स्प्रिंगबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते लपवत नाही. पंचवीस-तीस हजारांत गाडी देखणी दिसते, खरंय. पण पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटरच्या आसपास. त्यातले ३५ काढले की १३०, मागे दोन माणसं बसली की आणखी कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी जाईलही. पण गल्लीतला गतिरोधक कोणी मापाने बांधला आहे? शिवाय बासष्ट हजार किलोमीटर चाललेल्या थकल्या शॉकॲब्सॉर्बरवर कडक स्प्रिंग टाकली तर गाडी वळणात बसत नाही, उड्या मारते. त्यापेक्षा सस्पेन्शनचे झिजलेले भाग बदला: लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे), स्ट्रटचं माउंटिंग आणि गळत असतील तर पुढचे दोन शॉकॲब्सॉर्बर कंपनीचेच नवे. गाडी नव्यासारखी एकसंध होते. याला कोणी अपग्रेड म्हणत नाही, म्हणून कोणी करत नाही.

फिल्टर आणि सायलेन्सर: या इंजिनावर, या बजेटात, आवाज विकत घेणं. उघडा इनटेक, म्हणजे डबा नसलेला एअर फिल्टर, बॉनेटखालची गरम हवा ओढतो ते वेगळंच. सायलेन्सरमुळे पोलिसांच्या नजरेत याल, तो बोनस.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपासून वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठासून सांगितलं. मूळ मापाचे टायर, पॅड, ब्रेक ऑइल, बुश यांना त्याची झळ नाही, ती देखभालच. रिमॅप बाहेरून दिसत नाही, पण मोठ्या अपघातानंतर क्लेमच्या वेळी 'गाडीत बदल केले होते का' हा प्रश्न येतो, तेव्हा उत्तर काय देणार हे आधीच ठरवलेलं बरं. वॉरंटीतल्या गाडीला तर मी रिमॅप करूच नका म्हणेन; फोक्सवॅगन ग्रुपच्या सिस्टिममध्ये बदललेलं सॉफ्टवेअर सापडू शकतं.

तुमचे टायर दोन वर्षांचे आणि चांगले असतील, ब्रेक ऑइल ताजं असेल, गाडी १.० मॅन्युअल असेल, तर माझं सगळं ऐकून झाल्यावर सरळ रिमॅप करा, मजा येईल. भाच्याच्या गाडीत यातलं एकही खरं नव्हतं. त्याचा हिशेब असा लागला: टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट मिळून तीस. पॅड आणि ब्रेक ऑइल आठ. पुढचे शॉकॲब्सॉर्बर आणि बुश वीस. उरले बेचाळीस, ते इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींच्या मॅपला राखून ठेवलेत, दिवाळीनंतर. तोवर एक पावसाळा नव्या टायरवर चालवून होईल. थोडे कमी पडले तर मी घालेन, असं कबूल करून बसलोय.

स्प्रिंगचा नाद त्याने अजून सोडलेला नाही. त्याच्या सोसायटीच्या गेटमधला गतिरोधक आधी पट्टीने मोजून फोटो पाठव म्हटलंय. तीन आठवडे झाले, फोटो आलेला नाही.