महाराणी रोडवरून आणलेला 'एमपीपीटी' कंट्रोलर, जो एमपीपीटी नाहीये

दिवाळीनंतर इंदूरला महाराणी रोडवरच्या एका दुकानातून सोलर चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज सांभाळून बॅटरीत भरणारा डब्बा) घेतला, 12/24 व्होल्ट, 30 अँपियर, निळा डब्बा, वर मोठ्ठ्या अक्षरात एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत घालणारा प्रकार, 1,250 रुपये. दुकानाचं नाव लिहीत नाही, हाच डब्बा त्या ओळीत आणखी दोन-तीन ठिकाणी लटकलेला बघितला, एकालाच काय धरायचं. मी विचारलं होतं बरं का, खरंच एमपीपीटी आहे ना, तर म्हणे "भिया, लिखा तो है डब्बे पे". तिथंच कळायला हवं होतं.

गच्चीवर आमचं 330 वॅटचं 72 सेलचं पॅनल आहे आणि खाली 12 व्होल्टची 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी. कंट्रोलर लावला, स्क्रीनवर बाण पळायला लागले, आई खूश. पण बॅटरी संध्याकाळपर्यंत भरायचं नाव नाही, लाइट गेली की तासाभरात इन्व्हर्टर कोकलायला लागायचा. आठ दिवस मी पॅनलवरच्या धुळीला शिव्या घातल्या, दोनदा पुसून पण काढलं.

मग रविवारी मामा आले, वीज मंडळातून रिटायर झालेत, पोहे खाता खाता सगळं ऐकलं आणि कंट्रोलर नुसता हातात घेऊन म्हणाले, "अरे, यात आहे काय? वजन कुठंय?" किचनच्या काट्यावर ठेवला, 180 ग्रॅम. खऱ्या एमपीपीटीत पॅनलचा जास्तीचा व्होल्टेज खाली आणून करंट वाढवायला तांब्याची जाड कॉइल लागते, मागे उष्णता काढायला ॲल्युमिनियमचा हीटसिंक लागतो, 20 अँपियरचा चांगला पीस अर्धा-एक किलो तरी भरतो. याच्यात दोन यूएसबी आणि हवा.

पण वजन म्हणजे पुरावा नाही, म्हणून बारा वाजता गच्चीवर. मामांकडे डीसीचा क्लॅम्प मीटर आहे (साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, तो घेऊन गेलात तर शून्य दाखवेल आणि तुम्ही उगाच पॅनलला नावं ठेवाल). त्यांनी आधी इन्व्हर्टरवर लोड टाकून बॅटरी थोडी उतरवून घेतली, कारण भरलेल्या बॅटरीवर कंट्रोलर स्वतःच करंट कमी करतो, मग टेस्टला अर्थ नाही. लोड बंद केला, पॅनलच्या वायरवर 7.1 अँपियर, बॅटरीच्या वायरवरही 7.1. झालं! खरा एमपीपीटी असता तर बॅटरीकडे 16-17 अँपियर दिसायला हवे होते. आणि ज्या पॅनलनं 34-35 व्होल्टवर चालायचं ते 13.5 वर दाबून ठेवलेलं. म्हणजे आमच्या 330 वॅटमधून बॅटरीत जात होते जेमतेम 95 वॅट. हा साधा पीडब्ल्यूएम आहे, पॅनल सरळ बॅटरीला जोडणारा आणि भरली की चालू-बंद करणारा स्विच.

खाली आणून उघडला. कॉइल नाहीच, मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे भाग) पत्र्याला नुसते टेकलेत, स्क्रू नाही, उष्णता पत्र्यात उतरवणारी पेस्ट नाही, एकावरचा नंबर तर घासून काढलाय. टर्मिनलमध्ये 6 स्क्वेअर एमएमची वायर जात नाही आणि म्हणे 30 अँपियर. इनपुटचा कपॅसिटर 50 व्होल्टचा, आमचं पॅनल काही न जोडता 46 देतं, जानेवारीत पहाटेच्या थंडीत ते 48 च्या वर जाणार, तेव्हा तो कपॅसिटर किती दिवस टिकला असता देव जाणे. शिवाय स्क्रीन फ्लोटला (बॅटरी भरल्यावर नुसती राखायचा व्होल्टेज) 13.7 दाखवते तेव्हा बॅटरीवर मीटर 14.2 सांगतो, असं रोज चाललं तर पाणी आटणारच, मी मात्र बॅटरी जुनी झाली म्हणून मोडीत काढली असती.

पीडब्ल्यूएम वाईट असतो असं माझं मुळीच म्हणणं नाही. 36 सेलचं छोटं पॅनल, ज्याचा व्होल्टेज बॅटरीच्या जवळपास असतो, आणि 12 ची बॅटरी असेल तर पाच-सहाशेचा चांगला पीडब्ल्यूएम मस्त चालतो. राग आहे तो खोट्या नावाचे डबल पैसे घेतल्याचा.

परत न्यायला गेलो तर सील तुटलंय, आता नाही होणार. बरीच हुज्जत घातल्यावर 400 रुपये दुसऱ्या सामानात वळते केले, त्याची वायर आणि फ्यूज घेतला. नवा कंट्रोलर दुसरीकडून घेतला, साडेपाच हजार गेले, पण या वेळी काउंटरवर आधी वजन केलं आणि मागची हीटसिंकची प्लेट बघितली, दुकानदार हसला, हसू दे. पहिल्याच दुपारी बॅटरीकडे 16 अँपियर.

निळा डब्बा मामा घेऊन गेले. त्यांच्या अंगणातल्या दिव्याला 50 वॅटचं पॅनल आहे, त्यावर बरा चाललाय, व्होल्टेजची सेटिंग त्यांनी मीटर लावून खाली आणली. आणि डब्ब्यावरचं एमपीपीटी मार्करनं खोडून खाली पीडब्ल्यूएम लिहून ठेवलंय.